नीत्शे हे कुणाचे नाव?

१८८८ च्या एप्रिलमध्ये डॅनिश समीक्षक गेओर्ग ब्रांडेस कोपनहेगनमध्ये एका जर्मन लेखकावर व्याख्याने देत होता. त्या लेखकाचे नाव तेव्हा जर्मनीतही फारसे कुणाला ठाऊक नव्हते. लेखकाने ब्रांडेसला पत्रातून आपला त्रोटक जीवनवृत्तांत कळवला. जन्म १५ ऑक्टोबर १८४४, ल्युट्झेनच्या रणभूमीवर. पूर्वज पोलिश सरदार, त्यांचे नाव निएत्स्की. घराण्यात जर्मन आया आल्या, तरी चेहऱ्याची मूळ ठेवण टिकून आहे, असा त्या मजकुराचा आशय होता. पत्र लिहिणारा होता फ्रीडरिश नीत्शे. पुढे काही महिन्यांनी, शुद्ध हरपण्याआधीच्या अखेरच्या लिखाणात, त्याने आपण निखळ पोलिश सरदार असल्याचे सांगून अंगात जर्मन रक्ताचा थेंबही नसल्याची ग्वाही दिली.

रणभूमीची गोष्ट निम्मी खरी होती. रोकेन हे त्याचे जन्मगाव ल्युट्झेनला लागूनच आहे, आणि ल्युट्झेनला १६३२ मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताफ आडोल्फ लढताना पडला. सरदारकीचे मात्र काहीच खरे नव्हते. बाप रोकेनचा ल्युथरन धर्मगुरू, आजोबा आयलेनबुर्गचे वरिष्ठ धर्माधिकारी, पणजोबा बिब्रा या छोट्या गावातले जकात निरीक्षक. आई शेजारच्या पोब्लेस गावच्या धर्मगुरूची मुलगी. पाद्री, कारकून आणि कारागीर यांचे हे घराणे, सॅक्सनी आणि थुरिंगियाच्या सीमेवर, कुठल्याही पोलिश गढीपासून कोसो दूर.

नीत्शेला ही दंतकथा का हवी होती, हे समजायला कठीण नाही. १८६९ मध्ये बाझेलला प्राध्यापक म्हणून जाताना त्याने प्रशियाचे नागरिकत्व सोडले आणि पुढे दुसरे घेतले नाही. १८७१ नंतरच्या विजयोन्मत्त जर्मन साम्राज्याची त्याला शिसारी होती. संगीतकार व्हाग्नरशी फाटले होते. बहीण एलिझाबेथने बेर्नहार्ट फ्योर्स्टर नावाच्या ज्यूद्वेष्ट्या पुढाऱ्याशी लग्न केले होते आणि दोघे पॅराग्वेत 'नवे जर्मनी' वसवायला गेले होते. अशा माणसाला जर्मन नसण्याची सोय हवी होती, आणि ती त्याला आपल्या आडनावात सापडली. गंमत अशी की आडनावाने त्याला पूर्णपणे फसवलेही नाही. त्या नावात स्लाव्ह अंश आहेच. तो सरदारांकडून आलेला नाही, एवढेच.

नावाचा उगम शोधायचा तर एका संताकडे जावे लागते. मायरा हे आजच्या तुर्कस्तानातले गाव. तिथला चौथ्या शतकातला बिशप निकोलाओस हा खलाशांचा, व्यापाऱ्यांचा आणि मुलांचा रक्षणकर्ता मानला गेला. १०८७ मध्ये इटलीतल्या बारीच्या दर्यावर्दींनी त्याच्या अस्थी मायराहून पळवून आणल्या आणि त्यानंतर आल्प्सच्या उत्तरेला त्याचे स्तोम वाढले. जर्मन व्यापारी शहरांत निकोलाय चर्च उभी राहू लागली. लाइपझिगचे बाराव्या शतकातले आहे. १९८९ मध्ये पूर्व जर्मनीतल्या सोमवारच्या निदर्शनांना सुरुवात झाली ती त्याच्याच दारातून. (नाताळचा लाल डगल्यातला म्हातारा हा याच संताचा अवतार आहे, पण त्याचे इथे काम नाही.) संत लोकप्रिय झाला की त्याचे नाव मुलांना ठेवले जाते. मध्ययुगाच्या उत्तरार्धात मुलांना ठेवायच्या नावांचा साठा फार आटला होता. योहानेस, निकोलाउस, पेटर अशा मोजक्या नावांत गावचे बरेचसे पुरुष बसत. म्हणून प्रत्येक प्रदेशाने त्या नावांना आपापल्या तोंडात बसतील अशी छोटी रूपे दिली. निकोलाउसचा उत्तरेत क्लाउस आणि क्लास झाला, त्यातून क्लाउसेन आणि क्लासेन ही आडनावे आली. डेन्मार्कच्या सीमेवर निस झाला, त्यातून निसेन. मध्य जर्मनीत निकेल. सिलेशियात (आज बहुतांशी पोलंडमध्ये) क्लोझे; विश्वचषक फुटबॉलमध्ये १६ गोल करणारा मिरोस्लाफ क्लोझे ओपोलेचा, म्हणजे याच सिलेशियाचा. आणि एल्ब नदीपासून पूर्वेकडे, जिथे जर्मन आणि स्लाव्ह भाषा शेजारीशेजारी नांदत होत्या, तिथे निच, निचे, निचके.

निकोलाउसच्या मुलाला, नातवाला, किंवा त्याच्या घरात राहणाऱ्या कुणालाही गाव 'निचेकडचा' म्हणू लागले आणि कधीतरी ते नाव चिकटले. हे एकदा आणि एकाच ठिकाणी घडले असे मानायला काहीच आधार नाही. जिथे निकोलाउस होते आणि बोलीत 'च'कारान्त लाडके रूप होते, त्या प्रत्येक खेड्यात ते स्वतंत्रपणे घडू शकत होते. दुर्मीळ आडनावाबद्दल आपली जी पहिली समजूत असते, की हे सगळे एकाच मूळपुरुषाचे वंशज असणार, ती इथेच कोसळते. एखाद्या विशिष्ट वाडीवरून पडलेले नाव कदाचित एका उगमाचे असेल. संताच्या नावावरून आलेले नाव कितीही विरळ दिसले तरी त्याला मूळपुरुष एक नसतो.

मग ते दुर्मीळ का दिसते? या प्रश्नाचे उत्तर बरेचसे लेखनात आहे. जर्मनमध्ये नीत्शे लिहायला नऊ अक्षरे लागतात, त्यांपैकी पाच व्यंजने ओळीने येतात: टी, झेड, एस, सी, एच. ती मिळून जे दाखवतात ते जवळपास आपले एक 'च'. स्लाव्ह भाषांतला हा ध्वनी लॅटिन लिपीत उतरवताना सॅक्सनीतल्या लेखनिकांनी ही पंचाक्षरी वापरली. डेलिच या शहराच्या नावात, क्रेचमार या आडनावात (मूळ स्लाव्ह शब्दाचा अर्थ खानावळवाला) आणि फ्रिचे या आडनावातही ती दिसते. सिलेशियातले लेखनिक त्याच ध्वनीला चार अक्षरांत आटोपत, मधला झेड गाळून. शिवाय 'नि'चा स्वर दीर्घ दाखवायला कुणी आय नंतर ई घालत असे, कुणी घालत नसे. एकच माणूस बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक, लग्नाच्या नोंदीत दुसरा आणि दफनाच्या नोंदीत तिसरा असणे त्या काळी नवलाचे नव्हते. लिहिणारा धर्मगुरू कानाला लागेल तसे लिही, आणि ज्याचे नाव लिहिले जाई त्याला बहुधा वाचता येत नसे.

वाचता येणारेही काही स्थिर नव्हते. मार्टिन ल्युथर १५१७ पर्यंत लुडर अशी सही करत होता. स्वातंत्र्य या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी नाव जुळवण्याच्या हौसेपायी त्याने ते बदलले. ग्योटेचे आजोबा फ्रांकफुर्टचे शिंपी. त्यांनी नावाच्या शेवटी फ्रेंच धाटणीचे आघातचिन्ह लावले. काण्टचे घराणे आपले नाव सी ने लिहीत असे. त्याने ते के ने लिहायला सुरुवात केली.

शासनाला मात्र अशी ढिलाई परवडत नाही. कर, सैन्यभरती आणि वारसाहक्क यांच्यासाठी माणूस कागदावर एकाच नावाने सापडावा लागतो. प्रशियाने १७९४ आणि १८१६ च्या कायद्यांनी नाव बदलण्यावर बंधने आणली. ज्यूंना हॅब्सबुर्गांच्या राज्यात १७८७ च्या आणि प्रशियात १८१२ च्या हुकमाने कायम आडनावे घ्यावी लागली. ऑस्टफ्रीसलांडमध्ये लोक १८११ पर्यंत बापाचे नाव मागे लावत. दर पिढीला ते बदले. तिथे नेपोलियनचे फर्मान यावे लागले. १ जानेवारी १८७६ पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात जन्म, विवाह आणि मृत्यू यांची मुलकी नोंदणी सक्तीची झाली. त्या सुमारास ज्या घराण्याचे नाव कागदावर ज्या रूपात होते, तेच रूप पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात पडले. आज दीर्घ 'नी'चे, झेडवाले नीत्शे विरळ, झेडवाले पण आखूड 'नि'चे बरेच अधिक आणि बिनझेडचे निचे त्याहून व्यापक. ही तीन घराणी नव्हेत. उच्चार जवळपास एकच असलेल्या एका नावाची ही कार्यालयीन रूपे आहेत, आणि त्यांतले एक विरळ ठरले ते बऱ्याच अंशी कारकुनाच्या सवयीमुळे.

'च'कारान्त प्रत्ययाचा गुंता याहून गमतीचा आहे. हा प्रत्यय स्लाव्ह वळणाचा, म्हणून नावाचा धनी स्लाव्ह, असा सोपा हिशेब मांडावासा वाटतो. लाउझिट्स प्रदेशात आजही सुमारे ६० हजार सोर्ब लोक राहतात. त्यांची भाषा पोलिश आणि चेक या दोघींची बहीण. बाउटसेन हे त्यांचे मुख्य शहर, सोर्ब भाषेत बुदिशिन. लाइपझिगच्या वाल्टर वेन्त्सेल या अभ्यासकाने सोर्ब आडनावांवर आयुष्यभर काम केले, आणि त्या भागातली किती साधी दिसणारी आडनावे मुळात सोर्ब आहेत हे त्यातून कळते. नोआक हे नाव बायबलातल्या नोहाचे वाटते. ते आहे नोवाक, म्हणजे गावात नवा आलेला. पण फ्रिचे पाहा. फ्रीडरिश हे अस्सल जर्मन नाव, त्याचे लाडके रूप फ्रिट्स, आणि त्याला लागलेला स्लाव्ह वळणाचा शेवट. शेजाऱ्याच्या भाषेतला प्रत्यय कानाला गोड लागला आणि जर्मन आयांनी आपल्या पोरांना लावला, यापलीकडे त्यातून काही सिद्ध होत नाही. नीत्शेच्या नावात म्हणूनच ग्रीक संत आहे, जर्मन संक्षेप आहे, स्लाव्ह शेपूट आहे आणि सॅक्सन कारकुनाची अक्षरे आहेत. यांतल्या कशाचाही त्याच्या रक्ताशी संबंध लावता येत नाही.

तरी संबंध लावला गेला, आणि दोन्ही बाजूंनी. एलिझाबेथने भावाच्या चरित्रात सरदारांची कहाणी पसरवली. पुढे १९३० च्या दशकात वायमारच्या नीत्शे संग्रहालयाला नेमके उलटे हवे झाले. ज्याला नव्या नाझी राजवटीचा तत्त्वज्ञ म्हणून मिरवायचे, तो पोलिश कसा असेल? संग्रहालयाचा प्रमुख माक्स ओएलर हा नीत्शेच्या आईकडचा नातलग. त्याने चर्चची दप्तरे धुंडाळून वंशावळ तयार केली आणि निष्कर्ष काढला की बापाकडच्या आणि आईकडच्या साऱ्या ज्ञात पूर्वजांची नावे जर्मन आहेत. सरदारकीची कहाणी त्याने निकालात काढली, हे बरेच झाले. पण त्याचा युक्तिवाद नीट पाहिला तर तो नीत्शेच्याच युक्तिवादाची उलटी बाजू आहे. नीत्शेने नाव पोलिश वाटते म्हणून रक्त पोलिश ठरवले. ओएलरने नावे जर्मन वाटतात म्हणून रक्त जर्मन ठरवले. ज्या प्रदेशात स्लाव्ह शेतकऱ्याचे नाव दोन पिढ्यांत जर्मन होई आणि जर्मन पोराला स्लाव्ह प्रत्यय लागे, तिथे दोघांच्याही अनुमानाखाली जमीन नव्हती.

साधे गणित करून पाहावे. दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येक माणसाला १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात. (प्रत्यक्षात माणसे कमी, कारण छोट्या प्रदेशात तीच तीच घराणी एकमेकांत लग्ने करतात.) आडनाव त्यांतल्या एकाच जागेकडून येते. उरलेल्या १,०२३ जणांविषयी ते अवाक्षर बोलत नाही. वेस्टफालियात तर त्या एकाविषयीही खात्री नसे: तिथे शेतवाडीला नाव असे आणि जो पुरुष लग्न करून त्या वाडीवर नांदायला येई तो आपले नाव सोडून वाडीचे नाव घेई. म्हणजे बापाचे आडनाव एक आणि मुलाचे दुसरे, आणि दोन्ही कायदेशीर. तिथे आडनाव जमिनीबरोबर चाले.

स्वतःच्या नावाबाबत चकलेला नीत्शे हा एकटाच जर्मन तत्त्वज्ञ नव्हता. काण्टने १७९७ मध्ये एका स्वीडिश बिशपला कळवले होते की त्याचे आजोबा स्कॉटलंडहून आलेल्या अनेकांपैकी एक होते. त्याचे म्हणणे वेडगळ नव्हते. बाल्टिक किनाऱ्यावरच्या मेमेलमध्ये खरेच स्कॉटिश व्यापारी होते, आणि स्कॉटलंडमध्ये त्या उच्चाराचे आडनावही आहे. पुढे दप्तरे तपासली तेव्हा पणजोबा मेमेलजवळच्या कांटवागेन या खेड्याच्या परिसरातले निघाले, आणि नावही त्या खेड्यावरूनच आलेले. आपल्याकडच्या '-कर'सारखाच हा मामला. बुद्धीच्या मर्यादा तपासायला ज्याने हजारो पाने लिहिली, त्याने आजोबांची गोष्ट मात्र ऐकीव म्हणून तशीच ठेवून दिली. मला त्यात त्याच्या माणूसपणाचा पुरावा दिसतो. घरातली कथा तपासायला कुणालाच नको वाटते.

आता नकाशाकडे. जर्मनीत आडनावांचा भूगोल हा गंभीर अभ्यासाचा विषय आहे. कोनराड कुंत्से आणि डामारिस न्युबलिंग यांनी २००९ ते २०१८ या काळात जर्मन आडनावांचा सात खंडी नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्याचा आधार कोणता? २००५ मधली टेलिकॉम कंपनीची घरगुती फोनजोडण्यांची यादी. तीत सुमारे साडेआठ लाख वेगवेगळी आडनावे निघाली. म्युलर, श्मिट, श्नायडर अशी मूठभर नावे लाखोंनी आणि मग लांबच लांब शेपूट, जिच्यात असंख्य नावे बोटांवर मोजण्याइतक्या घरांत उरलेली. २००५ हे साल निवडले कारण त्यानंतर लोक घरचे फोन काढू लागले आणि मोबाइल कुठल्या गावचा हे सांगता येत नाही. म्हणजे आपण ज्याला नावांचा नकाशा म्हणतो तो फोनचा नकाशा आहे. त्यात घरटी एक नाव, बहुधा पुरुषाचे; भाडेकरू विद्यार्थी नाहीत; ज्यांनी यादीत नाव छापू नका म्हटले तेही नाहीत.

जुन्या काळासाठी याहून विलक्षण साधन आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने मृत, जखमी, बेपत्ता आणि कैद झालेल्या सैनिकांच्या याद्या छापल्या; १९१४ ते १९१९ या काळात त्यांची सुमारे ३१ हजार पाने झाली. संगणकीय वंशावळीच्या एका जर्मन संस्थेच्या स्वयंसेवकांनी ती सगळी पाने हाताने संगणकात उतरवली, सुमारे ८५ लाख नोंदी. बऱ्याच नोंदींत सैनिकाचे गाव आहे. त्यामुळे १९१४ च्या सुमारास जर्मनीत कुठले आडनाव कुठे नांदत होते, याचा उत्तम नकाशा आज मिळतो तो खंदकांत पडलेल्या तरुणांच्या यादीतून.

हे दोन नकाशे शेजारी ठेवले की आडनावांपेक्षा विसाव्या शतकाचाच इतिहास दिसू लागतो. झेडवाले नित्शे आधीही सॅक्सनीत दाटलेले आणि आताही तिथेच: लाइपझिग, केमनित्स, ड्रेसडेन आणि भोवतालची गावे. पाचशे वर्षांपूर्वी जिथे नाव पडले तिथून ते फारसे हललेले नाही, आणि जर्मनीत हे अपवादात्मकही नाही. श्मित्स अजून कोलोनभोवती दाट आहेत आणि निसेन अजून डेन्मार्कच्या सीमेवर. बिनझेडचे निचे मात्र पूर्वी सिलेशियात एकवटलेले होते आणि आज जर्मनीभर विखुरलेले दिसतात. हा फरक घराण्यांच्या स्वभावातून आला नाही. १९४५ च्या उन्हाळ्यात दोस्त राष्ट्रांच्या पोट्सडामच्या बैठकीत ओडर आणि नायसे नद्यांच्या पूर्वेचा मुलूख पोलंडच्या ताब्यात गेला. युद्धाच्या शेवटी आणि त्यानंतर पूर्व युरोपातून १ कोटी २० लाखांवर जर्मन पळाले किंवा हाकलले गेले, सिलेशियातले त्यांत होते. श्लेसविग-होल्स्टाइनची लोकसंख्या दहा वर्षांत १६ लाखांवरून २७ लाखांवर गेली. जिथे जागा आणि अन्न होते तिथे गाड्या रिकाम्या झाल्या. आज नीडरसाक्सेनमधल्या एखाद्या गावी निचे भेटला तर त्याच्या नावाने तिथपर्यंत केलेला प्रवास बहुधा एका पिढीतला असतो. विखुरलेला नकाशा पाहून 'हे नाव सर्वत्र आढळते' असे लिहिणारी वंशावळीची पुस्तके मला म्हणूनच असह्य वाटतात. खरे सांगायचे तर हे नाव आपल्या गावी आढळत नाही.

समुद्रापारच्या ठिपक्यांनाही अशीच कारणे आहेत. प्रशियाच्या राजाने ल्युथरन आणि कॅल्विनपंथी चर्चचे सक्तीने एकत्रीकरण केले, तेव्हा जुन्या ल्युथरन मंडळींनी देश सोडला. आउगुस्ट काफेल या धर्मगुरूच्या मागे त्यांचा पहिला जथा १८३८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरला. तिथल्या बरोसा खोऱ्यात निचके आजही भेटतात. अमेरिकेत ग्रीन बे पॅकर्स या फुटबॉल संघाचा रे निचके गाजला. त्याच्या नावाचा उच्चार करताना विस्कॉन्सिनच्या किती प्रेक्षकांना मायराचा बिशप आठवला असेल!

दप्तरांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती या विषयाच्या मुळाशी आहे आणि वंशावळीच्या हौशी पुस्तकांत ती सहसा येत नाही. एप्रिल १९३३ च्या कायद्याने जर्मनीत सरकारी नोकराला आपले आजीआजोबा 'आर्य' असल्याचे सिद्ध करावे लागू लागले, आणि पुढे ही अट आणखी पसरली. चर्चच्या कार्यालयांवर उताऱ्यांसाठी झुंबड उडाली. 'पूर्वजांची पासबुके' छापून विकली जाऊ लागली. राजवटीने वंशसंशोधनाचे खास कार्यालय काढून पूर्वेकडच्या चर्चच्या आणि ज्यू समाजाच्या नोंदवह्यांची छायाचित्रे घ्यायला लावली. युद्धात अनेक मूळ वह्या नष्ट झाल्या, छायाचित्रे उरली. त्यांचा मोठा साठा पुढे लाइपझिगच्या वंशावळ केंद्रात आला. आज सिलेशियातल्या पणजोबाचा शोध घेणारा माणूस अनेकदा जी फिल्म पाहतो ती त्याच्यासारख्यांसाठी काढलेली नव्हती. कुणाला जगू द्यायचे हे ठरवण्याच्या यंत्रणेची ती पाने आहेत. ती वापरू नयेत असे मी म्हणणार नाही. दुसरे साधन नसेल तर ती वापरावीच लागतात. पण 'आडनावातून मूळ शोधणे' हा निरुपद्रवी छंद आहे असे म्हणणाऱ्याने ती फिल्म कुणी आणि का काढली हेही सांगावे.

त्याच राजवटीने लाउझिट्समधल्या गावांची सोर्ब नावे बदलली, आणि पोलिश वाटणारी आडनावे बदलून जर्मन करायला लोकांना भाग पाडले. १९४५ मध्ये पारडे फिरले; पोलंड सरकारने नोव्हेंबरमध्ये हुकूम काढून जर्मन वाटणारी नावे पोलिश करायचा मार्ग खुला केला, आणि सिलेशियात मागे राहिलेल्यांना हा बदल बऱ्याचदा ऐच्छिक नव्हता. एकाच घरातल्या आजोबांचे, वडिलांचे आणि मुलाचे नाव तीन राजवटींत तीन तऱ्हेने लिहिले गेलेले आढळते, आणि माणसे त्याच अंगणात बसलेली असतात. काही ठिकाणी अंगणही उरले नाही. लाउझिट्सच्या जमिनीखाली लिग्नाइट कोळसा आहे आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तिथली १०० हून अधिक गावे खाणींसाठी पूर्ण किंवा अंशतः उठवली गेली. त्या गावांवरून पडलेली आडनावे आज अशा ठिकाणाकडे बोट दाखवतात जिथे खड्डा किंवा तळे आहे.

तत्त्वज्ञाचे आपले घराणे तर नावासकट संपलेच. धाकटा भाऊ योझेफ १८५० मध्ये दोन वर्षांचा होण्याआधीच गेला. फ्रीडरिश १९०० मध्ये निपुत्रिक गेला. फ्योर्स्टरने १८८९ मध्ये पॅराग्वेत आत्महत्या केल्यावर एलिझाबेथ परतली आणि तिने फ्योर्स्टर-नीत्शे असे जोडनाव अधिकृत करून घेतले. मुलीच्या नावाने घराणे चालवण्याचा त्या काळातला हा धीट प्रकार होता, हेतू कितीही संशयास्पद असो. पण तिलाही मूल नव्हते. आडनावे विझण्याचे गणित इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टनने १८७३ मध्ये मांडले आणि हेन्री वॉटसनने वर्षभरात ते सोडवायला घेतले. नाव फक्त मुलग्यांकडून पुढे जात असेल आणि लोकसंख्या वाढत नसेल, तर कुठलेही एक घराणे पुरेशा पिढ्यांनी नावापुरते विझणे अटळ, असा त्याचा गाभा. जर्मनीत हा नियम कायद्याने जपला होता: १९९१ मध्ये संविधान न्यायालयाने रद्द करेपर्यंत, नवराबायकोचे एकमत झाले नाही तर नवऱ्याचेच नाव कुटुंबाचे होई.

१ मे २०२५ पासून जर्मनीत आणखी सैल कायदा लागू झाला. नवराबायको दोघेही जोडनाव घेऊ शकतात आणि मुलांनाही ते मिळू शकते. मात्र दोनाहून अधिक नावांची माळ लावता येत नाही. फ्रीझियन आणि डॅनिश अल्पसंख्याकांना आपल्या रीतीप्रमाणे नावे लावण्याची मुभा मिळाली, म्हणजे नेपोलियनच्या फर्मानाने गेलेली प्रथा दोन शतकांनी परत आली. सोर्ब स्त्रियांना आडनावाला आपल्या भाषेतला स्त्रीलिंगी प्रत्यय कायदेशीर रीतीने लावता येऊ लागला. नोवाकची बायको नोवाकोवा होऊ शकते. दुर्मीळ आडनावांच्या यादीत आता रोज भर पडेल. लग्न नोंदवणाऱ्या प्रत्येक कार्यालयात अशी जोडनावे तयार होतील जी आधी जगात कुणाचीच नव्हती, आणि शंभर वर्षांनी त्यांचे ठिपके नकाशावर पाहून कुणीतरी मूळपुरुषाचा शोध घेऊ लागेल. त्याला सापडेल एक मेज, एक अर्ज आणि त्याखाली दोन सह्या.